बैल, सासरे आणि सुवर्ण गुणोत्तर

कळंबच्या बसस्थानकावर वाशीच्या गाडीची प्रतीक्षा करीत बसलेल्या रामहरींच्या कर्णपटलावर, बॅनर छापणारा कृष्णराज आणि त्याचा ग्राहक सिदू यांचा कलह येऊन आदळला. सभ्यतेस स्मरून रामहरींनी मान वळविली. कान मात्र तेथेच ठेविले.

“बैलाच्या वाढदिवसाचा बॅनर बिघडवला तू! सासरे रुसले, मोनिकाला नांदायला धाडीना झाले.”

“सुवर्ण गुणोत्तर लावलं, गड्या. नजर पहिली जिथं जाती, तिथं बैल बसवला.”

“आन् सासरे शेपटीखाली?”

“तिथं कुणाची नजरच जात न्हाय!”

“म्हून म्हणलं, जागा बदल.”

“बदलून लावला की काल.”

“फोटो बदलले. सासऱ्याखाली बैलाचं ‘चार दाती, शर्यतीला तरबेज’ तसंच ऱ्हायलं!”

“आरारा! मंग वहिनी?”

“आली सकाळीच. म्हणती, माहेरी आण्णांपुढं हसता येईना, म्हून हसायला सासरी आले.”