किती घेतलीत?

ताई : "समोरचा गप्प राहिला तर आपणही गप्प राहायचं. फोन मात्र आपण आधी ठेवायचा नाही." आधीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं होतं, साहेब. अजून कानात आहे त्यांचा आवाज.

साहेब : त्या बाई निवृत्त झाल्या, ताई. आता हेल्पलाइन मी बघतो. आणि तो माणूस गप्प कुठे होता? बरळत होता.

ताई : म्हणजे मंगळवारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत फोन तुम्हीच घेतलात. वहीत "पिऊन बोलत होता, त्याचा नंबर ब्लॉक केला" हे अक्षर तुमचंच?

साहेब : माझंच. लपवतोय कुठे मी? शब्दाला शब्द लागत नव्हता त्याचा. विचारलं, किती घेतलीत? तर हसायला लागला.

ताई : रडून झालं असेल. साहेब, आपली हेल्पलाइन कोणत्या आजाराची?

साहेब : आता परीक्षा घेणार माझी?

ताई : सोपा प्रश्न आहे.

साहेब : मल्टिपल स्क्लेरोसिस. एम. एस. मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं. पुस्तिका वाचलीय मी.

ताई : मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. वायरवरचं रबर निघालं की इकडचा निरोप तिकडे खरखरत जातो. पाय सांगितलेलं ऐकत नाही, जीभ वेळेवर पोहोचत नाही. चौदा वर्षं माझ्या अंगात तीच खरखर आहे. मला कधी विचारलंत, किती घेतलीत?

साहेब : तुमचं बोलणं नीट आहे.

ताई : सकाळी. संध्याकाळी सून मला प्रत्येक वाक्य दोनदा विचारते. आपल्याकडे जड जिभेचा माणूस फोन करणार नाही तर कोण करणार? केस वाढलेत म्हणून न्हाव्यानं गिऱ्हाईक हाकलावं, तसं झालं हे.

साहेब : ...लागलं. बरं, चूक झाली. नंबर चालू करतो. विषय संपला.

ताई : नंबर मी सकाळीच चालू केला. त्यांच्याशी बोललेही. एका शाळेत ग्रंथपाल आहेत ते. आज तीन वाजता त्यांची नोकरी जायची आहे. पुन्हा लावते. तुम्ही ऐका.

(ताई नंबर लावतात आणि फोन स्पीकरवर टाकतात.)

ग्रंथपाल : हॅ...लो.

ताई : ग्रंथपाल, मी हेल्पलाइनवरची. सकाळची. शेजारी आमचे साहेब आहेत. सावकाश बोला, आम्हाला कसलीही घाई नाही.

ग्रंथपाल : नमस्कार, साहेब. मंगळ...वारचे आपणच का?

साहेब : हो. मीच.

ग्रंथपाल : आपल्या प्रश्नाचं उत्तर... राहून गेलं. आयुष्यात खोकल्याचं औषध सोडून काही... घेतलं नाही. तेही चमच्यानं.

ताई : शाळेत काय झालं ते सांगा साहेबांना.

ग्रंथपाल : एकवीस वर्षं... ग्रंथपाल आहे तिथे. गेल्या महिन्यात शिडीवर तोल गेला. वरच्या फळीवरचे शब्दकोश... आणि मी, सगळे खाली. मुलं हसली. मग कुण्या पालकानं तक्रार केली, ग्रंथपाल... पिऊन येतो. आज तीनला कमिटी बसणार. राजीनामा त्यांनीच... टाइप करून ठेवलाय. मी फक्त सही करायची.

साहेब : डॉक्टरांचा दाखला नाही का?

ग्रंथपाल : आहे. हेडसर म्हणतात, दाखले काय... मिळतात. मी समजावायला तोंड उघडलं की माझं बोलणंच... माझ्याविरुद्ध साक्ष देतं. म्हणून तर तुमच्याकडे फोन केला. म्हटलं, यांना तरी... ओळखू येईल.

साहेब : माफ करा. फार चुकलं माझं.

ग्रंथपाल : आपण निदान... विचारलंत. बाकीचे नुसता वास घेतात.

ताई : हे बघा, मी येईपर्यंत सही करायची नाही. हातात पेन दिलंच तर खाली पाडा.

ग्रंथपाल : ते जमेल. रोज... पडतंच.

ताई : मग ठरलं. तीनला.

ग्रंथपाल : ऊन फार आहे हो, ताई.

ताई : असू दे. ठेवा तुम्ही, थोडं पडून घ्या तोवर.

साहेब : ताई, "मी येईपर्यंत" म्हणजे? तुम्ही जाणार? आपण मदत करतो ती फोनवर. फोन करणाऱ्याला भेटायचं नाही, हा नियम आहे. आज एकाकडे गेलात की उद्या दहा जण बोलावतील.

ताई : बोलावू देत. दहा जणांवर अशी पाळी येते, हे तरी कळेल.

साहेब : मी पत्र देतो. आपल्या संस्थेच्या कागदावर, सही-शिक्क्यासह.

ताई : द्याच. पण ज्यांचा डॉक्टरांच्या कागदावर विश्वास नाही, ते तुमच्या कागदाला काय भीक घालणार?

साहेब : मग हेडसरांशी बोलतो फोनवर.

ताई : तेही करा. सांगा, एक बाई येताहेत, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा.

साहेब : तुम्हाला ऊन सोसत नाही, उन्हात हा आजार बळावतो. मागे बँकेतून आलात तेव्हा स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं तुम्हाला. तिथे गेल्यावर तुमचीच जीभ अडखळली तर?

ताई : अडखळेल. कमिटीला एकाऐवजी दोन दारुडे दिसतील, त्यातली एक चौसष्ट वर्षांची म्हातारी. मग तरी एखाद्याच्या डोक्यात उजेड पडेल.

साहेब : थट्टेवारी नेऊ नका. वर कळलं तर मला तुमचं नाव कामावरून काढावं लागेल.

ताई : काढा.

साहेब : अहो, ताई...

ताई : मला आवाज चढवता येत नाही, साहेब, म्हणून हळूच सांगते. माझा आजार नवा होता तेव्हा एक्सचेंजमध्ये मला कामचुकार म्हणायचे. चालताना भिंत धरली की म्हणायचे, नाटक करते. एक दिवस असाच टाइप केलेला कागद पुढे आला. शेजारच्या खुर्चीत बसायला माझं कुणी नव्हतं. मी मुकाट्यानं सही केली. हात थरथरत होता, तरी वळणदार केली, त्यांना नावं ठेवायला जागा नको म्हणून. रोज सकाळी हात जोडते तेव्हा सगळ्यांना क्षमा करते मी. त्या सहीला क्षमा करणं अजून जमलेलं नाही.

साहेब : हे कधी बोलला नाहीत.

ताई : आज काम पडलं, म्हणून बोलले.

साहेब : वहीतलं ते वाक्य खोडून टाकू?

ताई : खोडू नका. त्याच्याखाली खरं काय ते लिहा. तुमच्यानंतर या खुर्चीत बसणाऱ्यालाही दिसू दे.

साहेब : आणि तुमच्या जाण्याचं? "घरगुती कामासाठी अर्धी रजा" लिहितो.

ताई : खोटं कशाला? "शब्द दिला होता, म्हणून गेल्या" असं लिहा.

साहेब : बरं. टॅक्सी तरी बोलावू द्या.

ताई : खाली उभी आहे. मघाच सांगून ठेवली.

साहेब : म्हणजे मला विचारायच्या आधीच?

ताई : तुम्हाला विचारलं कुठे मी?

साहेब : थांबा, दोन मजले उतरायचे आहेत. हात देतो.

ताई : कठडा आहे ना. तुम्ही फोनपाशीच थांबा. जिन्यातला दिवा तेवढा लावा.