आता बाजूला हो

…आणि चपलांचं तर विचारूच नका, एकीचा अंगठा तुटला तो नेमका तिथे, कड्यावर, खाली समुद्र, वर मी, हातात चप्पल, आणि समोर आमचे शेजारचे भाऊजी स्टँडवर कॅमेरा लावून म्हणतायत, "वहिनी, जरा डावीकडे." आता तुम्हीच सांगा, डावीकडे काय होतं? डावीकडे हवा होती. तरी सरकले. दुःखातल्या माणसाला नाही म्हणवत नाही हो… आणि मला काय करायचंय म्हणा, मी आपली शेजारीण.

तर तुम्हाला सांगते, आमची नि त्यांची भिंत एक. त्यांच्याकडे कोण आलं, कोण गेलं, दूध कधी उतू गेलं, सगळं मला न विचारता कळतं. मी काही कान लावून बसत नाही, माझी खुर्चीच तिथे आहे त्याला मी काय करू? तर भाऊजी फोटो काढणारे. लग्नाबिग्नाचे नव्हेत, समुद्राचे. शहरातली बस जिथे शेवटी वळते ना, तिथून पुढे पायवाट, पायवाट संपली की कडे, कड्यांखाली लाटा… दर रविवारी उजाडायच्या आत दोघं नवरा-बायको निघायची, भाऊजींच्या पाठीवर कॅमेरा, ताईंच्या हातात थर्मास. घरात रंग कुठला दिलाय ते दिसत नाही, भिंतभर नुसते कडे. कडा सकाळचा, कडा धुक्यातला, कडा तोच पण ढग वेगळा. एकदा म्हटलं, "भाऊजी, एखादं माणूस नाही हो यात कुठे?" तर म्हणाले, "माणूस आलं की समुद्राकडे कोण बघणार, वहिनी?" बरं बाई. मला काय करायचंय म्हणा.

मग ताईंना विचारलं, तुम्ही तिथे जाऊन करता काय? "उभी राहते," म्हणाल्या. म्हणजे? तर म्हणे धुक्यात कॅमेऱ्याला काही नीट सापडत नाही, सगळंच करडं, मग ताई कड्याच्या टोकाशी जाऊन उभ्या राहणार, भाऊजी त्यांच्यावर फोकस जुळवणार, एखादा फोटो काढून बघणार, आणि म्हणणार, "हं, आता बाजूला हो." की ताई खडकामागे चहा पीत बसल्या. मग खरा फोटो. हे असं आयुष्यभर. आणि हसत सांगायच्या हो, "मी हलले की यांचं चित्र पुरं होतं."

थंडी सरता सरता ताई गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. परगावची लेक आली, राहिली, आईचे कपडे आवरले, आणि निघायच्या आदल्या दिवशी… मी डबा द्यायला गेले होते, खरंच डबाच द्यायला… तर बापाला म्हणते, "बाबा, आईचा एक फोटो द्या ना. माझ्या फोनमध्ये आहेत, ते नकोत. तुम्ही काढलेला द्या."

एवढंच मागितलं पोरीने.

भाऊजींनी कपाट उघडलं, खोकी काढली, कॉम्प्युटर लावला, आम्ही तिघं बसलो. कडा, कडा, कडा… मध्येच लेक म्हणते, "थांबा, ही सावली आईची का?" खडकाची निघाली. "आणि हे लाल काय?" बोटीचं निशाण. शेवटी मीच तोंड उघडलं, अहो, ते फोकस जुळवतानाचे? ते कुठे ठेवलेत? भाऊजींनी कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाले, "ते खोडायचो, वहिनी. तिथल्या तिथे. उगाच जागा अडते म्हणून." लेकीने रागवायला हवं होतं, दोन शब्द बोलायला हवे होते. तिने नुसतं कपाट लावलं आणि म्हणाली, "असू दे बाबा." ते "असू दे" भिंतीपलीकडे मला रात्रभर ऐकू येत होतं.

लेक गेली, आणि पुढच्या रविवारी उजाडायच्या आत आमची बेल. दारात भाऊजी. पाठीवर कॅमेरा, हातात थर्मास, आणि तो धरायचा कसा तेही कळत नव्हतं बिचाऱ्यांना. "येता का, वहिनी? फोकसला कुणी नाही." आमचे हे पांघरुणातून म्हणतात, "कड्यावर? अगं, जिना चढताना वाटेत बसतेस तू." बसते. पण गेले. मला काय करायचंय म्हणत म्हणत गेले.

तर अशी मी उभी टोकाशी, ताई उभ्या राहायच्या तिथे. भाऊजींनी डोळा लावला. मी आपली वाट बघतेय, आता म्हणतील, आता म्हणतील… म्हणेचनात. मीच ओरडून विचारलं, "भाऊजी, होऊ का बाजूला?"

"नको," म्हणाले. "थांबा तशाच."

आणि बघते तर कॅमेऱ्यामागे खांदे हलतायत. जाऊन धरावं का त्यांना? पण थांबा म्हणाले होते ना. मग मी, जी कुणाची पिशवीसुद्धा आत डोकावल्याशिवाय सोडत नाही ती मी, तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिले. तेवढ्यात मागे खट्ट झालं.

तो त्यांनी खोडला नाही. मोठा करून दारासमोर लावलाय. धुकं, कडा, आणि टोकाशी पाठमोरी मी. येणारा-जाणारा हळूच विचारतो, "या… त्याच का?" भाऊजी हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, पाणी आणायला आत जातात. लेकीला द्यायला काही नाही ते नाहीच. काय सांगायचं तुम्हाला… इतक्या वर्षांनी त्या भिंतीवर एक माणूस आलं, तेही चुकीचं.