अँटेनासमोरचं झाड

बायको गेल्यापासून तात्या एकटेच बसच्या रांगेत उभे राहत. आज त्यांच्या पुढे अनोळखी बहीण-भावाची जुंपली होती.

“ताई, गच्चीवर अँटेना बसवताना समोरचं झाड दिसलं नाही तुला?”

“तेव्हा पानगळ होती रे. उपग्रहाची चित्रं स्वच्छ यायची. आता झाड पानांनी भरलंय, सिग्नल अडतो.”

“संध्याकाळी नदीचं चित्र आलं नाही, तर पाणी किती चढलंय ते मामाच्या वस्तीला कळवणार कसं?”

“झाड तोडावंच लागेल.”

“आईनं लावलेलं? ती गेल्यावर तिची तेवढीच तर खूण उरलीय. बाबांना विचारलंस?”

“विचारलं. म्हणाले, तिलाच विचार.”

“मग?”

“मग स्वतःच करवत घेऊन उठले. मला म्हणाले, होईपर्यंत घरी येऊ नकोस.”

रांग पुढे सरकली. तात्या तिथेच उभे राहिले.