सीएनजीच्या रांगेतलं जहाज

चारकोपच्या पंपावर सीएनजीसाठी रिक्षांची रांग खोळंबली होती. वसुधा बसली होती त्या रिक्षाच्या पुढेच दोन रिक्षावाले उभे होते.

"जयवंता, तुझ्या सुशांतचं गॅसचं जहाज कधी पोचतंय? इथे आमची वाट लागली."

"कतारहून भरून निघालं, ते होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आतच अडकलंय. पुढे युद्ध पेटलंय ना."

"मोबाइलवर जहाजाचा ठिपका दिसतो म्हणालास."

"कालपासून नाही. कोणी नेम धरू नये म्हणून सिग्नल बंद ठेवतात म्हणे."

"वहिनींना सांगितलंस?"

"तिला त्या ठिपक्याचा परवाचाच फोटो दाखवतो. ती म्हणते, ठिपका हलत नाही, म्हणजे पोरगा झोपला असेल."

रांग सरकली.

"चल, घे पुढे."

"तू भर आधी. गॅस नाही आला तरी चालेल, जहाज नुसतं कतारला माघारी वळू दे, मी रिक्षा ढकलत घरी नेईन."