‘व्हिलन’चा मूळ अर्थ

शब्दकोश जपून उघडावा, हे मी नारपोलीत शिकलो. ऐंशीच्या दशकात तिथल्या एका लूममालकाने यासीनभाई या विणकराला सर्वांसमक्ष ‘व्हिलन’ म्हटले. शेठ माफी मागेपर्यंत लूम बंद, असे कामगारांनी ठरवले. मी शाळामास्तर, शेठने मला मध्यस्थीसाठी नेले. कोश पाहून मी म्हणालो, “मूळ अर्थ, जमीनदाराच्या शेतावर राबणारा. दुष्टपणा त्याला मागाहून चिकटवला.”

“ऐकलंस? शिवी न्हायच ती!” शेठ यासीनभाईला हर्षभराने म्हणाले.

“बरोबर, शेठ. पण दुसऱ्याच्या शेतावर तर तुमचे वालिद राबले. मी कपडा विणतो.”

“माझ्या बापाला शिवी देतोस?”

“शिवी न्हायच ती, तुम्हीच बोललात ना?”

शेठने तत्काळ माफी मागितली. माझे आभार मात्र मानले नाहीत.