सरांच्या पत्रावर माझी सही

हॅलो?... हो, मीच. बरं झालं तूच फोन केलास बेबी, नाहीतर तिकडे येऊन तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या मी!... तब्येतीला काय धाड भरलीय माझ्या? पेपर वाचला. पान तीन. 'आम्ही सर्व साथीदार सरांच्या पाठीशी आहोत.' आख्ख्या पत्राचा फोटो, आणि खाली माझी सही!... माझी कुठली? तुझी! शेवटची रेघ तू कायम वाकडी काढतेस.

हो, हो... अगं ऐक ना. तालमीच्या हजेरीत करतेस माझी सही, माझी बस उशिरा येते म्हणून. तुला उशीर झाला की मी तुझी करते. पण ती हजेरी गं! हे काय हजेरीचं रजिस्टर होतं?... हजेरीबरोबरच फिरवलं? आणि तू न वाचता ठोकून दिलीस?... वाचून केलीस? वा गं माझे बाई! धाकटी म्हणून किती डोक्यावर बसशील?

कलेत मतं आणू नयेत? मी आणली? 'नदीपलीकडचे सगळे चोर, त्यांना घरं भाड्यानं देऊ नका' असं टीव्हीवर कोण बोललं? मी की सर?... गाण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, मान्य. बावीस वर्षं त्यांच्यामागे पियानो वाजवतेय, अजून रडवतात मला. म्हणून तर जास्त संताप येतो ना!

अगं, पियानो लावणारे काका आले होते सकाळी... तेच, नदीपलीकडचे. घरमालकानं सोमवारपर्यंत खोली सोडायला सांगितलीय त्यांना... टीव्ही बघूनच, नाहीतर काय! दोन तास बसून एकेक तार लावली. चहा पुढे केला तर म्हणाले, 'नको बाई, आज नको.' माझ्याकडे बघेनात. मला कळेचना काय झालं. ते गेल्यावर पेपर उघडला, तेव्हा उजेड पडला... वाचूनच आले असणार ना गं! तरी पियानो लावून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाही, संध्याकाळच्या कार्यक्रमाला मी येत नाही... शोधा दुसरं कुणीतरी... कोण? सर तिथेच आहेत? मग आधी नाही का सांगायचं, भवाने!... दे. दे त्यांना.

नमस्कार सर... ऐकलंत सगळं? बरं झालं, परत बोलायला नको... काका वेगळे म्हणजे?... ते भले, बाकीचे चोर? अहो, घरमालकाला कसं कळणार कोण वेगळं ते!... नाही, उपकार विसरले नाही मी. असं करा सर. आज गाण्याआधी माइकवर एवढंच सांगा, 'मी चुकीचं बोललो.' तीन शब्द. मी टॅक्सी करून येते, कपडे इस्त्री करून ठेवलेत... सर?... हॅलो?...

कोण, बेबी? सर कुठे गेले?... आवाज लावायला बसले? काही बोलले?... बरं. मग मिटलं. आता पेपरवाल्यांना फोन करते, सांगते की ती सही माझी नाही... विचारतीलच, मग कुणाची म्हणून... तर तुझं नाव सांगेन... हो, सख्ख्या बहिणीचं... रडून घे. मलाही रडू येतंय. ठेवते.