नळी निघाली, पाव्हणं निघंनात

आन् वर मलाच म्हणत्यात, पोरगं उद्धट हाय! अवो, तुमच्या लघवीच्या जागी नळी घातलेली आसती आन् खाटंभवती आकरा माणसं शहाळी घेऊन उभी आसती, तर तुमी काय आरती म्हणली आसती का? तुम्हाला सांगतो, मुतखड्याचं ऑपरेशन परवडलं, गुंगीत काय कळत न्हाय. पर चौथ्या दिवशी नळी काढायची म्हंजे माणूस टक्क जागा आसतो, आन् निम्मा गाव त्याच्याकडं बघत आसतो!

आमच्यात रीतच हाय ती. दवाखान्यात भेटायला न्हाय गेलं तर पुढच्या लग्नात टोमणं खावं लागत्यात. मग काय, सोमेश्वरनगरच्या अलीकडनं जीप भरली ती थेट बारामतीत, माझ्या खाटंपाशी. मी कॉलेज सोडलं तवा ह्यातलं एक माणूस विचारायला आलं न्हवतं, नळी बघायला मात्र समदी हजर! चुलतं आप्पासाहेब तर वाकून लघवीची पिशवी न्याहाळायचं, उसाच्या रसाची परीक्षा करावी तसं, आन् म्हणायचं, "जरा दाट वाटतीया."

नळी काढायला मेघना सिस्टर आल्या. इंदापूरकडच्या, माझ्यापेक्षा चार वर्सांनी मोठ्या आसतील. मी आदीच घामानं भिजलेला. सिंधुआत्या म्हणती, "काय न्हाय रं, मुंगी चावल्यागत!" आप्पा म्हणत्यात, "श्वास धर आन् दात आवळ!" ह्यातल्या कुणाला कवा नळी घातली हुती? कुणालाच न्हाय!

सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांनी बाहेर थांबा." आप्पा हसलं, "आवो, घरचंच पोर हाय, ल्हानपणी आमीच धुतलंय त्याला."

मग सिस्टरनीच हिरवा पडदा ओढला, माझ्या अंगावर चादर नीट केली आन् हळू बोलल्या, "भाऊ, काय करणार ते आधी सांगते. आत बारीक फुगा आहे, त्यातलं पाणी सिरिंजनं काढते, मग नळी मोकळी होते. श्वास धरायचा नाही. अंग सैल सोड, लांब श्वास घे, तू सोडशील तेव्हा मी ओढीन. जळजळेल. थांब म्हणालास तर थांबेन."

तुम्हाला सांगतो, एकवीस वर्सांत 'थांब म्हणालास तर थांबेन' आसं मला कुणी म्हणलं न्हवतं. ना मास्तर, ना बाप. श्वास घेतला, सोडला, आतनं चर्रर्र झालं, 'आय्योऽ' म्हणस्तवर नळी बाहेर!

सुटलो? कुठलं! सिस्टर म्हणाल्या, "आता भरपूर पाणी पी. सहा तासांत आपली आपण लघवी व्हायला पाहिजे. नाही झाली तर नळी परत घालावी लागेल."

परत! आन् ह्या खेपंला जागेपणी!

पडदा सरकला आन् आकरा तोंडं एकदम, "झाली का?" अवो, आत्ताच निघालीया! धा मिनिटांनी, "झाली का?" पलीकडच्या खाटंवरचा फ्रॅक्चरवाला सुद्धा मान वर करून, "झाली का?" मी तांब्याला हात घातला तर आत्यानं त्यो खाटंखाली सरकवला! "आपरेशनच्या आदी डाक्टरनं पाणी बंद केलं हुतं, मग नंतर कसं चालंल? टाकं वलं हुतील." म्हणलं, सिस्टरनी सांगितलंय! "ती कालची पोर, तिला काय कळतंय?"

चार तास कोरडा पडून ऱ्हायलो. सिस्टर आल्या, वटीपोट दाबलं, इचारलं, "पाणी किती प्यालास?" म्हणलं, "घोटभर. पुढचं आत्याला इचारा." सिस्टरनी आत्याकडं आसं बघितलं… मग काय, शहाळ्यावर शहाळं! पाच शहाळी पोटात गेली, पोट टम्म, लागली तर जोरात हाय, पर येती कशी? पडद्याच्या पलीकडं आकरा माणसं कान लावून! आप्पांनी नळ सोडला. आत्यानं तान्ह्या पोराला करत्यात तसं चालू केलं, "शूऽऽ… शूऽऽ…" आन् बाकीच्यांनी सूर धरला!

मी वरडलो, "निघा हितनं! समदी निघा! बघायला काय बैलबाजार हाय का?"

गेली. तोंडं वाकडी करून, पोरगं उद्धट हाय म्हणत गेली. एकटा तात्या, माझा बाप, ऱ्हायला. माझ्याकडं पाठ करून, दोनी हातांनी पडदा मिटून धरून उभा. काय इचारलं न्हाय. आन् तवा झाली. जळली, पर झाली. मी भांडं खाली ठिवलं आन् लांब श्वास सोडला.

तात्या तसाच पाठमोरा. हळूच म्हणाला, "काढताना लई दुखतं का रं?"

"तुमाला कशाला पायजे?"

"आसंच… दोन वर्सं झाली, रातीत पाच-पाच येळा उठतोय. थेंब थेंब हुती."

मला एका दिवसात शंभरदा इचारलं ह्या लोकांनी, आन् ह्या माणसाला दोन वर्सांत एकदा न्हाय. मी बी न्हाय. म्हणलं, "दुखत न्हाय तात्या, जळतं. श्वास धरायचा न्हाय, सोडायचा. आपून थांब म्हणलं की थांबत्यात." बाप पयल्यांदा माझं नीट ऐकून घेत हुता. मग त्यानं इचारलं, "काढती कोण? बाईच?"

"बाईच."

तात्यानं धरलेला पडदा सोडला. मग म्हणाला, "मग ऱ्हाऊ दी. आदी ऊस कारखान्याला जाऊ दी."

तुम्हाला सांगतो, तीन हंगाम झालं. ऊस दरसाल येळंवर जातोय. तात्या दवाखान्याला न्हाय.